कपाटाचं ऑनलाईन दर्शन

ग्रंथालयाचं पहिलं कर्तव्य ग्रंथ सांभाळणं हे आहे, आणि ग्रंथाला ऊन, पाऊस, उंदीर, वाळवी या सगळ्यांपेक्षा मोठा धोका वाचकापासून असतो, ही गोष्ट ज्यांनी ग्रंथालय चालवलं आहे त्यांना पटवून द्यावी लागत नाही. वाळवी निदान चार-पाच वर्षं घेते. वाचक आठवड्यात पुस्तकाची वाट लावतो आणि वर "छान होतं" म्हणून परत आणून देतो.

असं असूनही पाटोदा तालुक्यातल्या येळंबखेडच्या सरस्वती उन्नती माध्यमिक विद्यालयाच्या ग्रंथालयातून, ऐन महामारीत, एक पुस्तक बाहेर गेलं. एका मुलीनं ते पहिल्या पानापासून वाचलं आणि परत आणून दिलं.

असं काहीही घडलेलं नाही. तसा अहवाल आहे, अहवालावर सही आहे, सहीवर शिक्का आहे. (शिक्का जरा तिरका पडला आहे, पण तो तिरका पडल्याचं अहवालात नाही, म्हणजे तोही सरळच धरायचा.) तेव्हा पुढची हकिकत न घडलेली आहे एवढं वाचकांनी ध्यानात ठेवावं, म्हणजे कुणावर अन्याय होणार नाही.

या ग्रंथालयाचा ग्रंथपाल आदिनाथ हा अर्धवेळ होता. शाळेत हजार पोरं असली तर ग्रंथपाल पुरा मिळतो. येळंबखेडात पोरं, त्यांचे आईबाप आणि दावणीची जनावरं धरूनही हजार भरत नव्हते, म्हणून आदिनाथ अर्धा. त्यातला नेमका कोणता अर्धा शाळेचा, हे नेमणुकीच्या आदेशात लिहिलेलं नव्हतं. पगार अर्धा होता. खुर्ची अर्धी होती (उरलेली अर्धी क्रीडाशिक्षकांची; ते अंगानं भरलेले असल्यामुळे प्रत्यक्षात पाव). काम मात्र कुणी अर्धं करून दिलं नव्हतं. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे, खिचडीचा तांदूळ उतरवून घ्यायचा, मुख्याध्यापकांच्या मोटारसायकलीत हवा भरून आणायची, पंधरा ऑगस्टला लाऊडस्पीकरवाल्याला उठवायचं. एवढं झाल्यावर तो ग्रंथालय चालवी. ग्रंथालय चालवणं म्हणजे त्याच्याकडे बघणं.

कारण ग्रंथालय म्हणजे एक लाकडी कपाट होतं, काचेच्या दाराचं, मुख्याध्यापकांच्या खोलीतलं. त्याची किल्ली मुख्याध्यापक रामप्रसाद सरांकडे असे. सर बीडहून ये-जा करत, आणि किल्लीही त्यांच्याबरोबर रोज बीडहून ये-जा करी. वर्षातून एकदा, वाचन प्रेरणा दिनाला, सर कपाट उघडत. पुस्तकं पटांगणात बसलेल्या पोरांच्या हातात देत, ती मांडीवर उघडी धरायला लावत, फोटो काढत, आणि फोटो नीट आला की पुस्तकं परत गोळा करत. मधल्या वेळात कुणी पान उलटलं तर सर दटावत. पान उलटलं की हात हलतो, आणि हात हलला की फोटो हलतो. ग्रंथालय सुरू झाल्यापासून एकही पुस्तक हरवलं नव्हतं, फाटलं नव्हतं, उशिरा आलं नव्हतं. जगातल्या मोठमोठ्या ग्रंथालयांना हे जमलेलं नाही.

मग महामारी आली. शाळा बंद झाली, आणि पाठोपाठ वरच्या कार्यालयाचं पत्र आलं. ग्रंथालय सेवा खंडित न होता ऑनलाईन पद्धतीनं सुरू राहतील याची दक्षता घ्यावी, अहवाल तात्काळ सादर करावा.

आदिनाथनं ते दोनदा वाचलं आणि सरांना फोन लावला. "सर, सेवा सुरू ठेवा म्हणतात. पण आपली सुरूच कुठं होती?"

"खंडित होऊ देऊ नका, एवढंच लिहिलंय ना?" सर म्हणाले. "मग नाही झाली खंडित. चालू करा असं लिहिलंय का कुठं?"

"पण अहवालात काय लिहू?"

"ते बघा तुम्ही. तरुण आहात. फोन आहे तुमच्याकडं."

त्या काळात देवळंही बंद होती. गावातला पुजारी रोज सकाळी देवाचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकी, आणि आदिनाथची आई छबुबाई आंघोळ करून, फोन पाटावर उभा करून, त्याला हळदीकुंकू वाही. (दोन फोन या पद्धतीनं आतून गेले.) आईकडे बघता बघता आदिनाथच्या डोक्यात प्रकाश पडला. देव गाभाऱ्यात कुलूपबंद, पुस्तकं कपाटात कुलूपबंद. दोघांनाही हात लावायचा नाही. दोघांचंही दुरून दर्शन. फरक एवढाच की देवाला निदान नैवेद्य मिळतो.

दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या ग्रुपवर रोज सकाळी कपाटाचा फोटो पडू लागला. 'आजचं ग्रंथदर्शन'. ज्यानं फोटो पाहून हात जोडल्याचं किंवा अंगठ्याचं चित्र टाकलं, तो त्या दिवसाचा वाचक.

फोटोत पुस्तकांपेक्षा काचेत पडलेला आदिनाथच ठळक दिसे, हातात फोन, तोंडाला गमछा. पण ही सेवा नवी होती, लोकांनी समजून घेतलं. परिणाम थक्क करणारे होते. महामारीपूर्वी दररोजचे वाचक शून्य. महामारीत ते पटसंख्येच्या एकशे बारा टक्के झाले, कारण काही घरांत आजोबा वेगळे हात जोडत. 'पुस्तक परिचय' ही ऑनलाईन स्पर्धाही घेण्यात आली. पुस्तकं बाहेरूनच दिसत असल्यानं परिचयही बाहेरून करून द्यायचा होता. पहिला क्रमांक नववीतल्या सिदूला मिळाला. त्यानं लिहिलं होतं, "हे पुस्तक निळे असून त्यात बरीच पाने असावीत."

आरोग्याचे नियमही काटेकोर पाळले गेले. बाहेरून आलेल्या पुस्तकाला चौदा दिवस वेगळं ठेवा, असा आदेश होता. येळंबखेडची पुस्तकं गेली अकरा वर्षं विलगीकरणातच होती. साऱ्या गावात नियम पाळणारी तेवढीच. आदिनाथनं काचेच्या फटीतून सॅनिटायझरचे फवारेही मारले, त्यानं काही पुस्तकांच्या पाठीवरची नावं धुऊन गेली. पण जंतू गेले. नाव गेलेल्यांत मधल्या खणातलं एक जाड लाल पुस्तक होतं. त्याला यापुढे 'लाल पुस्तक' म्हणण्यात येईल, कारण दुसरं काही म्हणायची सोय उरलेली नाही.

हा उपक्रम वरच्या कार्यालयाला फारच आवडला. पत्र आलं की उन्हाळ्यात प्रत्यक्ष पडताळणी होईल. दप्तरी नोंदीप्रमाणे सर्व ग्रंथ जागेवर आणि सुस्थितीत आढळले, तर सदर ग्रंथपालास पूर्णवेळ करण्याचा प्रस्ताव पुढे पाठवण्यात येईल.

या एका ओळीवर आदिनाथचं लग्न अडकलं होतं.

गावातले ऊसतोडीचे मुकादम सुंदरराव यांची मुलगी वर्षाराणी आणि आदिनाथ यांचं एकमेकांत ठरलेलं होतं. सुंदररावांना मात्र ते ठरलेलं मान्य नव्हतं. ते दरसाल टोळी घेऊन कारखान्यावर जात, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता असा त्यांचा हिशेब, आणि अर्धा कोयता त्यांनी कधी उचलला नव्हता. आदिनाथ विचारायला गेला तेव्हा त्यांनी चहा पुरा दिला आणि म्हणाले, "तू पोरगा चांगला हायेस. पण अर्ध्या नोकरीला आख्खी पोरगी कशी द्यावी, तूच सांग बे."

आदिनाथला स्वतःलाही ते म्हणणं पटलं होतं, हीच त्याची अडचण होती. आरशात बघताना तो हल्ली एकाच गालाची दाढी आधी करून थांबे आणि म्हणे, "शाळेपुरता झालो तयार."

दिवाळी झाली. टोळ्या हलल्या. सुंदररावांच्या टोळीतून शहादेव आणि मंजुळाबाई हे जोडपंही गेलं, दोन मुलींना घेऊन, पार कर्नाटकाच्या हद्दीवरच्या एका कारखान्यावर. साखर कुणाच्या का चहात पडेना, उसाची कुसळं आपल्या माणसांच्या अंगात रुतली पाहिजेत, ही बीड जिल्ह्याची जुनी लोकसेवा आहे. थोरली मुलगी स्वप्नाली आठवी ब मध्ये होती. फोन एकच, तो दिवसभर बापाच्या खिशात, फडात. म्हणून सकाळचं ग्रंथदर्शन ती दिवेलागणीला, उसाच्या रिकाम्या गाडीवर चढून घेई. रेंज तिथंच यायची.

पहिल्याच आठवड्यात तिनं सेवेत अडथळा आणला. सगळ्यांनी हात जोडले होते, आणि तिनं लिहिलं, "सर, लाल पुस्तकात काय आहे?"

आदिनाथनं पद्धतीप्रमाणे उलट हात जोडले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पालकांना वाटलं की ही नवीन आरती असावी, आणि चार-सहा जणांनी "लाल पुस्तकात काय आहे" असं लिहून खाली फुलं टाकली. प्रश्न साधा होता आणि लाल पुस्तकात काय आहे ते आदिनाथला ठाऊक नव्हतं. निळ्यातलं ठाऊक नव्हतं, पिवळ्यातलंही नव्हतं. ग्रंथपालाला ग्रंथातलं ठाऊक असावं असा काही नियम आहे का, हे त्यानं शोधून पाहिलं. नव्हता. असता, तर निदान अर्धं ठाऊक असून भागलं असतं.

मग तिनं आवाज पाठवला. मागं कुत्रं भुंकत होतं आणि वारा होता.

"सर, मी स्वप्नाली. आमच्या पाचटाच्या कोपीत दिवसभर मी आन बारकी, दोघीच असतो. बारकी निजली की काय करावं कळत न्हाई. कपाट रोज बघते. आता पाठ झालं. वरच्या खणात नऊ हायत, मधल्यात अकरा, खालचं तुमच्या पायामुळं दिसत न्हाई. आता उघडून दावा की."

त्याच्याखाली शहादेवचाही आवाज होता. "सर, पोरीचं मनावर घेऊ नका. म्या सांगितलं तिला, ते सरकारी हाय, बघायचं असतंय. आमी दोघं रोज हात जोडतो."

आदिनाथनं दोन्ही आवाज रामप्रसाद सरांना ऐकवले आणि किल्ली मागितली.

"कशाला?"

"एक पुस्तक पाठवावं म्हणतो तिला."

मग सर हळू आवाजात, आजारी माणसाशी बोलावं तसं बोलले. "आदिनाथ, उन्हाळ्यात पडताळणी आहे. तुमच्या जन्माचा प्रश्न आहे. आणि एक करा, त्या मुलीला वाचकसंख्येतून कमी करा."

"का, सर? ती तर रोज बघते."

"ती विचारतीय. वाचक विचारत नसतो."

आदिनाथनं तिला कमी केलं. त्यानं लगेच बंड पुकारलं असं लिहायला बरं वाटलं असतं, पण त्यानं आधी तिला कमीच केलं, आणि टक्केवारी किती उतरली तेही पाहिलं. उतरली नव्हती. तिची जागा कुणाच्या तरी आजोबांनी भरून काढली होती.

दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीवर वर्षाराणी भेटली. टोळीतल्या माणसांना महिन्यातून एकदा गावाकडून, सुंदररावांच्या गाडीतून, बाजरीचं पीठ जाई, ते दळून, पिशव्यांत भरून, तोंड शिवून द्यायचं काम तिच्याकडे होतं. ओढणी नाकावर ओढून ती नंबर लागायची वाट बघत होती.

"काय ग्रंथपालसाहेब," ती म्हणाली, "आज कपाटाचा फोटो उशिरा आला. देव उठले नव्हते का?"

"उजेड नव्हता."

"त्या स्वप्नालीला पुस्तक कावून देत न्हाई?"

"बाहेर काढता येत नाही. पडताळणीत एक जरी कमी दिसलं तर पूर्णवेळ गेलं. आणि पूर्णवेळ गेलं की..."

"की मी गेले."

"हो."

"म्हंजी माझ्यापाय ती पोरगी कपाट बघत बसायची."

"तसं नाही गं."

"तसंच हाय. उद्या माझ्या लग्नात कुणी आहेर आणायचं, कुणी भांडं आणायचं, आन तिनं काय आणायचं, कपाटाचा फोटू?" गिरणीचा पट्टा सुरू झाला तसा तिनं आवाज चढवला. "बाबांची गाडी परवा निघतीय. शहादेवभाऊंच्या पिशवीचं तोंड उद्या सांजच्याला शिवणार हाय मी. तवर उघडंच असंल. तुमचं तुमी बघा."

किल्ली बीडला होती. पण कपाटाला पाठ असते, आणि पाठीचा पत्रा सरकारनं दिलेला नव्हता. तिथं प्लायवूड होतं, आणि ते वाळवीनं आधीच निम्मं मंजूर केलेलं होतं. आदिनाथनं कपाट भिंतीपासून हातभर ओढलं, मागून हात घातला आणि लाल पुस्तक काढलं. दार उघडलं नाही, कुलूप निघालं नाही, तेव्हा पुस्तक बाहेर गेलं असं म्हणताच येत नाही. ते फार तर कपाटाच्या मागं गेलं.

उरली फट. मधल्या खणात, पुढचा दात पडावा तशी. उद्याच्या दर्शनात ती साऱ्या गावाला दिसली असती. शाळेच्या मागं स्वच्छतागृहाचं बांधकाम अर्धवट पडलं होतं (या शाळेत आदिनाथ एकटाच अर्धा नव्हता). तिथली एक वीट त्यानं उचलली, सव्वीस जानेवारीच्या पताकांतून उरलेला लाल घोटीव कागद तिला घट्ट गुंडाळला आणि मागूनच हात घालून ती फटीत उभी केली. जाडी जमली. उंची जमली. रंग तर मूळ पुस्तकापेक्षा उजवा आला.

दुसऱ्या दिवशीच्या दर्शनाला विक्रमी हात जुळले. "आज कपाट प्रसन्न दिसत आहे," असं तीन पालकांनी लिहिलं. वरच्या कार्यालयाकडून विचारणा झाली की नवीन ग्रंथखरेदी केली आहे काय, केली असल्यास कोणाच्या परवानगीने.

आणि लाल पुस्तक बाजरीच्या पिठात बुडून, सुंदररावांच्याच गाडीतून, त्यांच्याच हातानं कारखान्यावर उतरलं.

त्यानंतर स्वप्नालीचा ग्रुपवर एकही संदेश आला नाही. ना प्रश्न, ना अंगठा, ना जोडलेले हात. मार्चअखेरच्या अहवालात तिच्यापुढं शेरा पडला: 'वाचनात रस नाही.'

चैत्रात टोळ्या परतल्या, आणि त्याच आठवड्यात पडताळणीचे साहेब आले. दोन मास्क, हातमोजे, काखेत प्रस्तावाची फाईल. रामप्रसाद सरांनी त्यांना कपाटासमोर बसवलं आणि खिसे चाचपून सांगितलं, की गडबडीत किल्ली बीडला राहिली.

"उघडायची गरज नाही," साहेब म्हणाले. "उघडलं की हाताळणी होते." त्यांनी काचेवरून बोट फिरवत पुस्तकं मोजली. नोंदीशी जुळली. मग बोट मधल्या खणावर थांबलं. "वा. हे लाल बघा. बाकीची वाकलीत, कलली आहेत, हे कसं ताठ उभं आहे. वाळवी नाही, कसर नाही. याला म्हणतात जतन." त्यांनी अहवालात तसं लिहिलं: मधल्या खणातील लाल ग्रंथ उत्कृष्ट स्थितीत. सही केली, शिक्का मारला. फाईल उघडली. आदिनाथच्या पूर्णवेळाच्या प्रस्तावावर फक्त शेवटची सही उरली होती.

तेवढ्यात दारात स्वप्नाली उभी राहिली. मागं शहादेव, आणि त्याच्या मागं, चपला बाहेर काढून, मुकादम सुंदरराव.

स्वप्नालीनं खताच्या पिशवीत गुंडाळलेली वस्तू काढून टेबलावर ठेवली. लाल पुठ्ठा, उसाच्या रसाचे डाग, कोपऱ्यांना पीठ, पानं फुगून दुप्पट झालेली. एका पानातून मुंगी निघाली, ती साहेबांच्या फाईलवर गेली.

"सर, तुमचं पुस्तक," ती म्हणाली. "लई भारी हाय. पण शेवटचं पान वाळवीनं खाल्लंय."

साहेबांनी पुस्तकाकडे पाहिलं, मग कपाटाकडे पाहिलं. "तुमचे ग्रंथ तर सगळे जागेवर आहेत. मी आत्ता मोजले."

"आहेतच की, साहेब," रामप्रसाद सर घाईनं म्हणाले. "हे आमचं नाही. हिनं आणलं असेल कुठून तरी."

"कुठून आणलंस?" साहेबांनी विचारलं.

स्वप्नालीनं आदिनाथकडे पाहिलं. शहादेवनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "साहेब, आमी गरीब हाव, पण चोरीचं न्हाई हे. पोरगी तसली न्हाई."

आदिनाथसमोर फाईल उघडी होती, सही एवढी जवळ होती की साहेबांच्या पेनाचं टोक त्याला दिसत होतं, आणि दारात होणारा सासरा उभा होता. तो घुटमळला नाही असं म्हणता येणार नाही. तो निम्मा घुटमळला. मग म्हणाला, "आमचंच आहे, साहेब. मी दिलं होतं. कपाटात उभी आहे ती वीट आहे."

साहेब अनुभवी होते. त्यांनी पेन खाली ठेवून शांतपणे विचार केला, आणि तो विचार सगळ्यांना कळेल असा मोठ्यानं केला. कपाटातला लाल ग्रंथ उत्कृष्ट स्थितीत असल्याचं अहवालात आलेलं आहे. अहवालावर सही आहे. सही झाल्यावर वीट ही वीट राहत नाही. सबब कपाटात आहे तो ग्रंथच. ग्रंथ कपाटात असल्यामुळे टेबलावर आहे ते पुस्तक या ग्रंथालयाचं असू शकत नाही. ते या ग्रंथालयाचं नसल्यामुळे इथून कुणी नेलेलं नाही, कुणी वाचलेलं नाही, आणि कुणी चोरलेलंही नाही. मुलीनं निर्धास्त घरी जावं.

शहादेवनं टोपी परत डोक्यावर ठेवली.

"राहता राहिला प्रस्ताव," साहेब म्हणाले. "जो ग्रंथपाल उत्कृष्ट स्थितीतल्या ग्रंथाला वीट म्हणतो, त्याला ग्रंथांची ओळख नाही. त्याच्या हाती पूर्ण वेळ ग्रंथालय देणं धोक्याचं ठरेल. अर्धा वेळ चालेल." आणि त्यांनी फाईल मिटली. मुंगी आतच राहिली.

साहेबांची गाडी गेल्यावर सुंदरराव आत आले. आदिनाथ उभा राहिला. आता काय ऐकायचं ते त्याला तोंडपाठ होतं.

"सांग बे," सुंदरराव म्हणाले. "शेळी घावली का न्हाई?"

"कोणती शेळी, मामा?"

"कोणती म्हंजी? त्या दिव्याच्या मनोऱ्यावरल्या म्हाताऱ्याची. समिंदरात वादळ उठतंय, म्हातारा कंदील घेऊन खडकावर शेळी हुडकायला जातो, आन तिथं पान संपलं. ही पोरगी रोज सांजच्याला वाचायची, सारी टोळी चुलीपाशी गप बसायची. एक दिवस कारखान्याचा फोन आला तर म्या उचलला न्हाई. आन शेवटाला वाळवी." त्यांनी स्वप्नालीकडं बोट केलं. "ही म्हणती घावली. पण परत्येक बारीला येगळ्याच जागी घावली म्हणून सांगती."

"घावलीच हाय," स्वप्नाली म्हणाली. "जागेचं तेवढं नक्की न्हाई."

सगळे आदिनाथकडे बघू लागले. त्यानं ते पुस्तक आयुष्यात उघडलेलं नव्हतं.

"घावली, मामा," तो म्हणाला.

"तुला काय ठाव?"

"मी ग्रंथपाल आहे."

"अर्धा हायेस."

"घावली एवढं अर्ध्याला ठाऊक असतं."

सुंदररावांनी त्याला खालून वर निरखलं. "पिठाच्या पिशवीला टाके कुणाचे होते ते मला कळत न्हाई असं समजू नको. आमच्याच पोरीचे. आता ऐक. अर्ध्या नोकरीला आख्खी पोरगी न्हाई, हे म्या म्हणलोतो, ते सोडलं. ती काय ऐकणार हाय व्हय माझं. पण आख्खी पोरगी मागतोस आन गोष्ट अर्धी देतोस, हे चालायचं न्हाई. शेवटचं पान आण. मग बैठक लावू." चपला घालून ते निघून गेले.

त्या दिवसापासून आदिनाथ वरच्या कार्यालयाकडे एका पानाची मागणी करतो आहे. कार्यालयाचं उत्तर आलं, की जे पुस्तक आपल्या ग्रंथालयात अखंड उभं आहे, त्याचं पान कमी कसं? मुद्दा बिनतोड आहे. वर्षाराणी म्हणते, "पान न्हाई तर तुमी लिहा की. तुमाला काम काय हाय अर्ध्या दिवसाचं?" त्यानं चार वेळा लिहून नेलं. सुंदररावांनी चारही वेळा वाचायला लावलं, ऐकलं, आणि मान हलवली. शेळी घावते, पण म्हाताऱ्याला आनंद झाल्यासारखा वाटत नाही म्हणाले.

महामारी सरली, शाळा भरली, तरी दर्शन चालू आहे. यशस्वी उपक्रम बंद करायला निराळी परवानगी लागते. विटेला रोज हात जुळतात. कुणाचंच नसलेलं ते लाल पुस्तक मात्र गावभर फिरतं. जे नाहीच ते परत मागता येत नाही, त्यामुळे ते एका घरातून दुसऱ्या घरात जातं, सध्या चतुराबाईंकडं आहे, तिथून गिरणीवर जाणार आहे, आणि प्रत्येक घरात शेळी वेगळ्या जागी घावते.

हे वर कळल्यावर कार्यालयानं एक परिपत्रक काढलं आहे. यापुढं कोणतंही छापील साहित्य वाचकाच्या हाती गेल्यास, वाचकानं ते न वाचलेल्या स्थितीत परत करणं बंधनकारक राहील. परिपत्रक न घडलेल्या घटनांच्या हकिकतींनाही लागू आहे.

ज्यांनी पहिल्या परिच्छेदाचं लांबून दर्शन घेऊन अंगठा दाखवला आणि पुढं सरकले, त्यांच्याबद्दल कार्यालयाची तक्रार नाही. त्यांची गणना उत्कृष्ट वाचकांत झालेली आहे. बाकी ज्यांच्याकडून प्रस्तुत कथा इथवर वाचली गेली असेल, त्यांना विनंती करण्यात येते की, त्यांनी ती पंधरा दिवसांच्या आत, समक्ष हजर राहून, न वाचलेल्या स्थितीत परत करावी.